आत्याचं कढण आणि जंतूंच्या शेपट्या

जंतूंना शेपट्या असतात असं मी पहिल्यांदा घरात सांगितलं, तेव्हा आत्याने पोळी लाटता लाटता विचारलं, "कशाला? त्यांना काय माश्या हाकलायच्या असतात?"

मी म्हटलं, "पोहायला."

ते तिला पटलं. ती कोकणातली, खाडीकाठी वाढलेली. पोहायला शेपटी लागते यात तिला काही नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते एवढंच, की ह्या शेपट्या बघण्यासाठी कुणी मला नोकरीवर ठेवतं.

ठेवलं होतं खरं, पण अजून पक्कं नव्हतं. आम्ही कल्याणला राहायचो. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. पारनाक्याजवळ एका डॉक्टरांची रक्त-लघवी तपासायची लॅब होती, तिथे मी नुकतीच जायला लागले होते. बी.एस्सी. झाले होते. त्या काळी मुलगी बी.एस्सी. झाली की लोक तोंड भरून कौतुक करत आणि त्याच श्वासात स्थळ सुचवत. माझ्यासाठी अकोल्याचं स्थळ आलं होतं. मुलगा वाईट नव्हता, हो. सरकारी नोकरी, घरची शेती, शिवाय फोटोत बरा दिसत होता. बाबांना तो फार पसंत होता.

मी पाय आपटले. तसे मी लहानपणापासूनच आपटत आले आहे, म्हणून बाबांनी वैतागून तोड काढली. दिवाळीपर्यंत लॅबमध्ये जा. डॉक्टरांनी कायमची ठेवून घेतली तर अकोल्याला नकार कळवू. नाही ठेवली तर मुकाट्याने बोहल्यावर उभी राहा. मी हो म्हटलं. मला लग्नच नको होतं असं नाही. मला अकोला नको होतं आणि लॅब हवी होती, इतकं ते सरळ होतं. मायक्रोस्कोपला डोळा लावला की मला भूक-तहान सुचत नसे. असं आधी मला कशाच्याच बाबतीत झालं नव्हतं.

आता डॉक्टरांबद्दल. ते बाबांच्या ओळखीचे, तपकीर ओढणारे, आणि बोलायला कडू कारलं. शहाड, विठ्ठलवाडी आणि पलीकडच्या निर्वासितांच्या छावणीतून त्यांच्याकडे तापाचे रुग्ण तपासणीला येत. विषमज्वर आहे की नाही हे बघायच्या चाचणीला मेलेल्या जंतूंचं पाणी लागतं. रुग्णाचं रक्त त्यात मिसळलं आणि जंतू एकमेकांना चिकटून गोळे झाले, की समजायचं विषमज्वर. गंमत अशी, की रक्तात एक प्रतिकार जंतूच्या अंगाविरुद्ध तयार होतो आणि दुसरा त्याच्या शेपट्यांविरुद्ध. म्हणजे पाण्यातल्या जंतूंना शेपट्याच नसतील तर चाचणी एका डोळ्याने आंधळी. हे जंतूंचं पाणी बाहेरून येई आणि अर्ध्या वेळा खराब होऊनच येई. डॉक्टरांना ते आपल्या लॅबमध्येच तयार करायचं होतं आणि त्यासाठीच त्यांना माणूस हवं होतं.

"पण विषमज्वराच्या नळीला तू एकदम हात लावायचा नाहीस," त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. "आधी हा गरीब घे. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो हा. याला वाढव, याला पोहताना मला दाखव, याच्या शेपट्या रंगवून दाखव. ते जमलं तर पुढचं. नाही जमलं तर तुझा रस्ता वेगळा, माझा वेगळा."

माझा रस्ता अकोल्याला जात होता, हे त्यांना कुठे ठाऊक होतं.

जंतू वाढवायचे म्हणजे त्यांना खायला हवं. पुस्तकात लिहिलेलं असतं मटणाचं पाणी. पण लॅब ज्या घराच्या तळमजल्यावर होती, त्याचे मालक वरच राहत, आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की मटणाचा वास वर आला तर खोली खाली करा. बाहेरून येणारी तयार पूड मिळेनाशी झाली होती. शेवटी डॉक्टर म्हणाले, कडधान्यात काय कमी सत्त्व असतं? मटकीचं कढण करून आण. गाळून, मीठ घालून. इथे मी ते पुन्हा उकळून निर्जंतुक करीन.

आमच्या घरात कढण करणार कोण? आत्या. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते आत्याने. ती बाबांची धाकटी बहीण. चौदाव्या वर्षी विधवा होऊन भावाकडे आली ती इथलीच झाली. स्वयंपाकघर तिचं राज्य होतं, आणि त्या राज्यात दुसऱ्याने पळी हलवलेली तिला खपत नसे. मी कढणाचं सांगितल्यावर ती खूश झाली. उसळ आम्हाला, पाणी जंतूंना. "फेकण्यापेक्षा कुणाच्या तरी पोटात जातंय," ती म्हणाली. एक दिवसाआड ती गाळलेलं कढण कडीच्या डब्यात भरून माझ्या हातात द्यायची आणि मी ते पदराखाली धरून लॅबला न्यायचे.

जंतू असे काही वाढले की विचारू नका. काल साधी दिसणारी नळी आज दुधासारखी गढूळ. डॉक्टरांनी नळी उजेडात धरली, चिमूटभर तपकीर ओढली आणि म्हणाले, "हं." त्यांच्या तोंडून हं येणं म्हणजे इतरांच्या तोंडून शाबासकी. मी तरंगत घरी आले.

दुसऱ्या दिवशी थेंब बघायचा होता. काचेच्या पातळ चकतीवर एक थेंब घ्यायचा आणि ती उलटी करून खळगा असलेल्या काचेवर ठेवायची, म्हणजे थेंब खाली लोंबतो. त्या लोंबत्या थेंबात जंतू कसे फिरतात ते बघायचं. मी बघितलं आणि हर्षाने हाक मारली, "डॉक्टर, हलताहेत."

ते आले, वाकले, बराच वेळ बघत राहिले. "ही थरथर आहे. पाण्यात टाकलेली रांगोळीसुद्धा अशी थरथरते. चाल कुठे आहे? एक तरी कुठून कुठे गेलाय का?"

एकही गेला नव्हता. ढिम्म. जिथल्या तिथे सगळे गुबगुबीत होऊन बसलेले.

मग जे सुरू झालं त्याने माझ्या नाकी नऊ आले. मी काचा राखेने घासल्या, स्पिरिटने पुसल्या. नळ्या उबेत कमी वेळ ठेवून पाहिल्या, जास्त वेळ ठेवून पाहिल्या, उबेत न ठेवता नुसत्या फळीवर ठेवून पाहिल्या. शहाडजवळून उल्हास नदीचं पाणी आणून त्यातून त्याच जातीचा नवा जंतू वेगळा केला. तो पहिल्या दिवशी नदीच्या पाण्यात नुसता सुसाट होता, थेंबात आडवा-उभा पळत होता. मी म्हटलं, मिळाला बहाद्दर. त्याला आमच्या नळीत घातला, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर तोही इतरांसारखा मांडी ठोकून बसलेला. शेपट्या रंगवायचा रंगही लावून पाहिला. त्या इतक्या बारीक असतात की टॅनिनचा थर चढवून जाड केल्याशिवाय दिसत नाहीत. सगळे जंतू छान लाल रंगले. शेपटी एकालाही नाही.

डॉक्टर म्हणाले, "हात हलका नाही तुझा. झटकलेस की तुटतात त्या." मला इतका राग आला. आमच्या घरात काचेची बरणी आजवर माझ्या हातून फुटली नव्हती. पण बोलणार काय? पळणारा जंतू माझ्या हाताखाली आला की बसतो, हे तर दिसतच होतं.

घरी जेवताना मी कुरकुर करायचे. बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करत. अकोल्याच्या लोकांनी पुन्हा विचारणा केली होती, नवरात्र उंबरठ्यावर आलं होतं आणि त्यांना माझ्या कुरकुरीत आशा दिसत असावी. आत्याला मात्र माझी काळजी लागली. "बसूनच असतात म्हणतेस?"

"बसूनच."

"अशक्तपणा असेल गं. पोटात काही जात नसेल नीट."

"अगं, पोटाला तडस लागेल इतकं जातंय," मी म्हटलं. पण आत्याचा जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच विचार होता, की माणूस नीट जेवलेला नसतो.

आणि मग मुंग्या आल्या. मी एकदा डबा लॅबच्या खिडकीत ठेवून नळ्या धुवायला गेले. परत आले तर खिडकीपासून भिंतीवर काळी रेघ, थेट डब्याच्या कडीपर्यंत. डॉक्टर आधी माझ्यावर ओरडले, लॅब आहे की किराणा दुकान म्हणून. ओरडता ओरडता मध्येच थांबले.

"मटकीच्या पाण्याला मुंग्या कधीपासून लागायला लागल्या?"

लॅबमध्ये काही म्हणजे काही तोंडात घालायचं नाही, हा पहिला नियम. आणि आत्याच्या स्वयंपाकघरात नैवेद्य दाखवल्याशिवाय काही चाखायचं नाही, हा तिचा पहिला नियम. त्या दोन नियमांच्या मध्ये ते कढण इतके दिवस कुणीच चाखलं नव्हतं. मी बोट बुडवलं आणि चाटलं. गोड! नुसतं गोड नाही, पुरणात शोभेल इतकं गोड.

संध्याकाळी घरी जाऊन विचारलं, तर आत्या सहज म्हणाली, "गूळ घालते की. गुळाशिवाय का कुठे कढण असतं? आधी खडाच घालायची. मग तू म्हणालीस उठत नाहीत बिचारे, म्हणून वाढवला. आताशा चांगलं मोठं ढेकूळ घालते."

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे आमटीत गूळ, उसळीत गूळ, भाजीत गूळ. मीठ घाल असं सांगितलं की गूळ त्यात आलाच, तो वेगळा सांगायचा नसतो. पुस्तक लिहिणाऱ्याला हे कुठून माहीत असणार, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही, कारण मी त्याच घरातली.

दुसऱ्या दिवशी मी चुलीशी उभी राहून बिनगुळाचं कढण केलं. आत्या पाटावर बसून माझ्याकडे बघत होती. मी उपाशी पोराच्या ताटातला घास काढून घेतेय, अशी तिची नजर. डॉक्टरांनी एकाच वंशातले जंतू दोन नळ्यांत घातले, एक गुळाची, एक बिनगुळाची. सकाळी गुळाच्या नळीत दाट पीक होतं आणि सगळे बसलेले. बिनगुळाच्या नळीत पीक विरळ, पण थेंबाला डोळा लावला तर काय! पळत होते. सरळ जायचे, गरकन गिरकी घ्यायचे, दिशा बदलून पुन्हा सुटायचे. डोळा ठरेना. मग डॉक्टरांनी बसलेल्यांतले थोडे घेऊन बिनगुळाच्या पाण्यात घातले. दुपारच्या चहापर्यंत त्यांच्यातलेही निघाले होते. रंगवले तर शेपट्या, केसाहून कितीतरी बारीक, वळणावळणाच्या.

डॉक्टर स्टुलावर बसून म्हणाले, "शेपटी बांधायची म्हणजे मोठा खर्च असतो जंतूला. आयतं गोड मिळतंय तोवर तो ते काम काढतच नाही. आधीच्यांच्या शेपट्या होत्या त्या पोराबाळांत वाटल्या गेल्या, नवीन कुणी बांधल्या नाहीत. चार पिढ्यांत सगळे बोडके."

"असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी," मी म्हटलं.

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

हे सगळं आतून कसं चालतं ते मला फार पुढे, नोकरीत केस पिकायला लागल्यावर वाचायला मिळालं. शेपटी झाडाच्या फांदीसारखी वाढत नाही. आधी जंतूच्या कातडीत बैठक बसते, मग बाहेर एक वाकडा सांधा, आणि मग शेपूट. शेपूट पोकळ असते. तिचे तुकडे आत तयार होतात, त्या पोकळीतून सरकत शेंड्यापर्यंत जातात आणि तिथे एकावर एक चढतात. सांधा पुरा झाल्याची वर्दी आत पोचल्याशिवाय शेपटीचा तुकडा घडवायला घेतच नाहीत. आणि ह्या सगळ्याच्या वर एक मुख्य हुकूम असतो, की काम काढायचं की नाही. गूळ असला की तो हुकूमच सुटत नाही. वाचताना मी एकटीच हसत होते. आमच्या कल्याणच्या गवंड्यांना एवढी शिस्त असती तर आमचं घर पावसाळ्याआधी पुरं झालं असतं.

पण तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. एवढंच कळलं, की ते आजारी नव्हते आणि माझा हातही जड नव्हता. डॉक्टरांनी तपकिरीची डबी खिशात घातली आणि म्हणाले, "उद्यापासून विषमज्वराची नळी. आता कायमचं यायचंय तुला, बाबांना सांग."

मी धावतच घरी आले. पानं वाढलेली होती. बाबा पाटावर, आत्या वाढत होती, आणि मी जेवायच्या आधीच सगळं धडाधडा सांगून टाकलं. आत्या पळी हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे मीच तुझं वाटोळं करत होते की गं," ती म्हणाली.

"छे गं. चांगले धष्टपुष्ट होते ते."

"आणि आजारी नव्हतेच?"

"अजिबात नाही. पोटभर मिळत होतं, म्हणून निघायची तयारीच केली नाही त्यांनी."

तिने बाबांच्या पानात आमटी वाढली. बाबांनी आमटीत भात कालवला. नोकरी टिकली हे ऐकून त्यांना आनंद झाला होता, नाही असं नाही, पण अकोला त्यांच्या मनातून सुटत नव्हतं. ते मऊ आवाजात म्हणाले, "छान झालं. तुझी हुशारी सिद्ध झाली. पण बाळ, एवढ्या धडपडीची गरज आहे का? तिकडे घरचं दूधदुभतं आहे. तुला कशाला म्हणून कमी पडणार नाही."

मी रडायच्या बेतात आले. बोलणं झालं होतं, मी ते पाळलं होतं, आणि तरी बाबा इतक्या प्रेमाने ते मोडत होते की भांडायला जागाच राहिली नव्हती. आता मला जंतूंवरून माणसांना उपदेश करणारे लोक मुळीच आवडत नाहीत. जंतू तो जंतू, माणूस तो माणूस. मी तसं काही बोलणारही नव्हते. बोलली ती आत्या.

तिने पळी भांड्यात ठेवली आणि खाली बसली. पानं वाढलेली असताना आत्या बसली, हेच मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"दादा, पुण्याहून त्या बाई आल्या होत्या आपल्याकडे. आठवतं? मी अठरा वर्षांची असेन. मला शिकवायला नेते म्हणाल्या. नर्स होईल म्हणाल्या."

बाबांचा हात थांबला. "आठवतं."

"तू म्हणालास, आमच्या घरात हिचे दोन घास जड झालेले नाहीत. खरंच नव्हते झाले. तू मला आजवर काही कमी केलं नाहीस. सणाला आधी माझ्यासाठी आणलंस, मग वहिनीसाठी. सगळे म्हणायचे, बिचारी, कुठे जाणार ती आता. मी पण तसंच धरून चालले." तिने पदराने तोंड पुसलं. "पण मी काही आजारी नव्हते रे, दादा."

मग बाबांनी हळूच विचारलं, "तेव्हा बोलली का नाहीस?"

"तेव्हा माझं पोट भरलेलं होतं," आत्या म्हणाली, आणि उठून त्यांना ताक वाढायला लागली.

बाबांनी दुसऱ्याच दिवशी अकोल्याला नकार कळवला. मी विषमज्वराची नळी हातात घेतली ती निवृत्त होईपर्यंत खाली ठेवली नाही. पुढे लग्नही केलं, जवळच, डोंबिवलीत, आणि लॅब सोडली नाही.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी बाबा स्वतः आत्याला लॅबमध्ये घेऊन आले. ती घर सोडून अशी कुठे गेलेली मला आठवत नाही, देऊळ सोडलं तर. डॉक्टर गडबडले, स्टूल पुसलं, आरसा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. मी थेंब लावला आणि तिला एक डोळा कसा मिटायचा ते दाखवलं. ती वाकली. आधी काही दिसेना तिला, मग एकदम तिची पाठ ताठ झाली. बाबा दाराशी चपला न काढता उभे होते आणि तिच्याकडे बघत होते. चहा आला, गार झाला. बाहेर रुग्ण खोळंबले होते.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "बास आता, आत्याबाई. सवय नाही, डोळा दुखेल."

"दुखू दे," आत्या म्हणाली, आणि तिने डोळा काढला नाही.